खालची हवा

६ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! बाबांनी गाडीतून उतरल्या उतरल्या कमरेवर हात ठेवले आणि मुलगी बघायला आल्यासारखं घराकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग निकाल दिला, पसंत आहे. मलाही पसंत आहे. चढाच्या रस्त्याच्या टोकाला दगडी घर, वरचा मजला आमचा, खाली घरमालक आणि मालकीणबाई. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाबांना ज्याचं सगळ्यात अप्रूप ते न्हाणीघर. गरम पाण्याची धार अशी, की बाबा आत गेले ते बोटांना सुरकुत्या पडल्यावरच बाहेर आले. खिडक्यांना दुहेरी काचा. थंडी इथे पाहुणी म्हणून येत नाही, मुक्कामालाच येते, म्हणून कुठे एक फट ठेवलेली नाही, हे मालकीणबाईंनी पुन्हा पुन्हा अभिमानाने सांगितलं.

बाई साठीच्या, गोल, गुलाबी. आवाज असा की आधी तो जिना चढतो आणि मागून त्या. आमचं कपाट हमालाच्या बरोबरीने त्यांनीच वर ढकललं. मालक मात्र दिसले नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, ते खाली बसलेत.

उद्या प्रयोगशाळेत हजर व्हायचं. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच भिंतीला खिळे ठोकावेत असं वाटतंय. बाबांनी तर समोरच्या दुकानाच्या पाटीवर शुद्धलेखनाच्या दोन चुकाही काढल्या. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. चुका सापडल्या म्हणजे त्यांचा संसार लागला.

१० नोव्हेंबर

कामाचं नीट लिहून ठेवते, कारण कितीही समजावलं तरी बाबा शेजाऱ्यांना सांगतात की आमची मुलगी पाण्यातली भुतं मोजते.

गावाखाली सगळा ग्रॅनाइट आहे. त्यात चिमूटभर युरेनियम असतंच. ते युगानुयुगं मोडत राहतं आणि त्यातून रेडॉन नावाचा वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. खोल बोअरच्या पाण्यात विरघळून तो वर येतो आणि नळ सोडला की खोलीत मोकळा होतो. पाणी पिण्यापेक्षा भीती श्वासाची. आंघोळ, धुणी, भांडी आणि वर बंद खिडक्या. अशी हवा वर्षानुवर्षं आत घेतली तर फुप्फुसाच्या कॅन्सरची शक्यता वाढते. वर्षानुवर्षं. एका हिवाळ्यात कुणाला काही होत नाही.

नमुना घेणं म्हणजे झोपलेलं बाळ न जागवता उचलणं. बाटली पाण्यात बुडवूनच भरायची, झाकणही पाण्याखालीच लावायचं. एक बुडबुडा राहिला तरी वायू त्यात पळतो आणि सगळी मेहनत पाण्यात. आणि लगेच मोजायचं, कारण चार दिवसांच्या आत रेडॉन निम्मा होतो.

रेडॉन मोडून जे बारीक कण होतात त्यांना आमच्या धंद्यात लेकी म्हणतात. वायू श्वासाबरोबर आत येतो तसा बाहेरही जातो, लेकी मात्र फुप्फुसाला चिकटून बसतात. बाबा म्हणाले, म्हणजे तुझ्यासारख्याच, ठकू, घर सोडायचं नाव नाही. मी त्यांना पुसायचं फडकं फेकून मारलं. छान दिवस गेला.

१७ नोव्हेंबर

आकडे चांगले नाहीत. लिटरमागे शंभर बेकरेलच्या (किरणोत्सार मोजायचं आमचं माप) आत असेल तर आम्ही फारसं मनावर घेत नाही. या गल्लीत हजाराच्या खाली एकही बोअर नाही, आणि आमच्या घराचा आकडा पाहून मला वाटलं, यंत्रच बिघडलं. दुसरा नमुना घेतला. तोच आकडा.

बोअर कुठे आहे ते बघायला सकाळी मालकीणबाईंबरोबर तळघरात गेले. खडकातच कोरलेला जिना, खाली रबराची कड लावलेलं जाड लोखंडी दार. आत स्वच्छ, कोरडी, उबदार खोली. मध्यभागी बोअरचा पाइप जमिनीतून वर आलेला, शेजारी पंप. आणि भिंतीला लागून लाकडी बाक. बाकावर चार माणसं गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती, दवाखान्यात नंबर लावून बसावं तशी. त्यांतले एक आमचे मालक. एक लाल स्वेटरवाली म्हातारी, एक खाणीतून निवृत्त झालेला मुकादम, आणि पलीकडच्या घरातली तरुण बाई. तिचं मला जरा नवल वाटलं.

सांधेदुखीला ही हवा चांगली, म्हणून बसतो, असं मालकीणबाई म्हणाल्या. अशा जागी जाऊन बसायची पद्धत जगात आहे, हे मीही वाचलंय. तरी मी त्यांना समजावलं, हवेतला आकडा सांगितला, ही खोली म्हणजे विष आहे इथवर बोलले. कुणी रागावलं नाही.  बाहेर आल्यावर लक्षात आलं की चौघांच्या छात्या एकाच वेळी वर होत होत्या आणि एकाच वेळी खाली. आणि बोलता बोलता माझाही श्वास त्यांच्या तालावर गेला होता.

बाबांना बजावलं, खाली पाऊल टाकायचं नाही. न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवायची, थंडी वाजली तर वाजली. त्यांनी कान पकडून कबूल केलं.

२५ नोव्हेंबर

बाबा जिना धावत चढले. गुडघे दुखतात म्हणून कठड्याला धरून, देवाचं नाव घेत चढणारे माझे बाबा. मी थक्क होऊन पाहत राहिले आणि मग सरळ खाली जाऊन मालकीणबाईंना गाठलं.

रोज तळघरात जातात. मी कामावर गेले की लगेच. मालकीणबाईंनीच कौतुकाने सांगितलं, तुमचे बाबा किती पटकन रुळले, इतरांना महिने लागतात.

भांडलो. असं आम्ही कधीच भांडलो नव्हतो. त्यांचं म्हणणं एकच, ठकू, कित्येक वर्षांनी दुखणं थांबलंय, तुझा कॅन्सर यायला वीस वर्षं लागतात, तोवर मी राहतोय कशाला.  हिशोब बरोबरच होता त्यांचा. शेवटी मी रडले तेव्हा म्हणाले, बरं बाई, नाही जात.

२ डिसेंबर

सतत नोंद घेणारं यंत्र आठवडाभर तळघरात ठेवलं होतं. आलेख घेऊन प्रयोगशाळेतल्या साहेबांकडे गेले. साहेब मवाळ, वयस्क, सारखी घशाची गोळी चघळणारे. त्यांना दाखवलं की माणसं बाकावर बसली की खोलीतला रेडॉन उतरतो आणि उठून गेली की चढतो. हे होऊच शकत नाही. रेडॉन श्वासाने आत जातो तसा बाहेर येतो. चार माणसांच्या श्वासाने खोलीतला आकडा हलायला नको. तो हलतोय, याचा अर्थ ती माणसं घेतात आणि परत देत नाहीत.

साहेबांनी आलेख उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणाले, यंत्र जुनं आहे. मग म्हणाले, एवढी काळजी वाटत असेल तर पंखा बसवा. तोच उपाय आहेही. तळघरातून छपरापर्यंत पाइप, त्यात हवा ओढणारा पंखा. मालकीणबाई अडवतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, लावून बघा. प्रत्येकाला एकदा लावून बघायचंच असतं.

या वाक्याचा अर्थ मी विचारला नाही. विचारायला हवा होता.

९ डिसेंबर

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी पंखा सुरू केला. दुपारपर्यंत खोलीतला आकडा हजारांवरून शेकड्यांवर आला. मी खूश होऊन चहा टाकला. तेवढ्यात बाबा भिंत धरत स्वयंपाकघराच्या दारात आले. ओठ निळे. तोंड उघडत होते, मिटत होते, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे. खालून मालकीणबाईंची हाक आली. मालकांचंही तेच झालं होतं.

मला वाटलं, हार्ट अटॅक. डॉक्टरांना फोन केला, ते कोपऱ्यावरच राहतात. आले, पण बॅग उघडली नाही. नाडीही बघितली नाही. आधी पंखा बंद करा, म्हणाले. मी ओरडले, शुद्ध हवेने माणूस मरतो का! ते माझ्याशी वाद न घालता खाली गेले, पंखा बंद केला आणि स्वतःच बाकावर बसले. डोळे मिटून. लांबच्या प्रवासाहून घरी आल्यासारखे.

मालकीणबाईंनी आणि मी बाबांना उचलून खाली नेलं. मीच नेलं. दार लावल्यावर थोड्याच वेळात त्यांच्या गालावर रंग आला. माझ्याकडे बघून ओशाळं हसले. म्हणजे वचन मोडलंच होतं.

१० डिसेंबर

लाल स्वेटरवाली म्हातारी गेली.

काल दुपारी ती खाली येऊन बसली होती, पंखा चालू असताना. बरं वाटेना म्हणून घरी गेली. एकटीच राहायची. सकाळी दाराशी सापडली, एक हात कडीवर.

मी मारलं तिला. माझ्या पंख्याने.

कुणी मला दोष दिला नाही. उलट मुकादम वर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. मालकीणबाई म्हणाल्या, नवीन माणसाच्या हातून असं होतंच, मनाला लावून घेऊ नकोस. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मायेने माझ्या अंगावर काटा आला.

१५ डिसेंबर

बाबांना मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरवलं. कार्यालयाची गाडी मागितली, ऑक्सिजनचं सिलिंडर घेतलं. बाबा निमूट बसले. गावाबाहेरच्या खाणीपर्यंत ठीक होते, एका पाटीवरची वेलांटी चुकलीय म्हणून हसलेसुद्धा. खाण मागे पडली, घाट सुरू झाला आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

मास्क लावला. ढकलून दिला. पुन्हा लावला. ऑक्सिजन पूर्ण सोडला होता आणि बाबा माझ्या डोळ्यांसमोर बुडत होते. नखांनी काच ओरबाडत होते, ती उघडायला नाही, लावलेली काच आणखी वर ओढायला.

मी काही म्हणायच्या आत ड्रायव्हरने गाडी वळवली. त्याच वळणावर वळवायला जागा आहे, गुळगुळीत झालेली. सगळे इथूनच वळतात, म्हणाला. त्यानेही एकदा त्याच्या बायकोला इथवर आणलं होतं.

गावातली पहिली छपरं दिसली तसा बाबांचा श्वास लागायला लागला. लागला म्हणजे — सुरू झाला. बाबांनी माझा शब्द सुधारला असता. या वेळी सुधारला नाही. फक्त माझा हात थोपटत राहिले.

१८ डिसेंबर

डॉक्टरांनी बाबांचा एक्स-रे काढला. फुप्फुसांत हवा असते म्हणून ती फिल्मवर काळी दिसतात, एवढं मलाही कळतं. बाबांची पांढरी आहेत. वरपासून खालपर्यंत. हाडापेक्षा पांढरी. कडेला बारीक चमकदार ठिपके, ग्रॅनाइटच्या फरशीवर असतात तसे.

विचारलं, मग हे जगतात कसे. डॉक्टर म्हणाले, माझाही असाच आहे. आणि सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं विचारलं, तुमचा काढू का?

मी पळून आले.

२१ डिसेंबर

बाबा आता वर येत नाहीत. जेवण खाली नेते. खात नाहीत. दोन घास भरवायला बसते तेवढीच मी तिथे असते. तेवढीच.

बोलतात ते तुटक. ज्या माणसाला अर्धं वाक्य सहन व्हायचं नाही तो आता — "दार", म्हणतात. "दार लाव." एवढंच. हवा जाते म्हणून.

दादाचा फोन आला. पुतणीला, पिल्लूला, सुट्टी लागतेय, सगळे येतो म्हणाला, बाबांना सरप्राइज देऊ. मी म्हटलं, येऊ नको. कारण सांगायला गेले आणि खोकला. थांबेचना. तो घाबरला. आता तर येतोच, म्हणाला. आणि फोन ठेवून दिला त्याने.

मला खोकला कधीपासून आहे?

२४ डिसेंबर

प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर दोनदा थांबले. साहेबांनी खिडकीतून पाहिलं. म्हणाले, घरीच बसा आता. "बसा" वर जोर देऊन. घशाची गोळी पुढे केली. ती गोळी नव्हती. खडा होता, राखाडी, चमचमता. जिभेवर ठेवायचा म्हणाले, प्रवासात थोडा वेळ निभावतं.

मी पुन्हा सगळा हिशोब मांडला. किती आकडा, किती तास, किती डोस. एवढ्याशा दिवसांत काहीही होणार नाही. काहीही होऊ शकत नाही. हिशोब बरोबर आहे. तीनदा तपासला. बरोबर आहे.

२७ डिसेंबर

न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावलं की बरं वाटतं. खिडकी मीच बंद केली. वाफेत बसले. आधी पुरायचं. आता पुरत नाही.

बाबांपाशी बसले. फक्त बघायला. दार लागलं आणि — किती दिवसांनी पूर्ण श्वास. पायांपासून डोक्यापर्यंत भरला. बाबांनी हात धरला. सगळ्यांच्या छात्या वर. सगळ्यांच्या खाली. माझीही.

भीती वाटली नाही. त्याचीच आता भीती वाटतेय.

२९ डिसेंबर

आज दादाला फोन करायला वर निघाले. अर्ध्या जिन्यात पाय गेले. खाली नेटवर्क नाही. वरच्या पायरीपर्यंत सरकत — लागला फोन. हॅलो, हॅलो, म्हणत राहिला. मला फक्त श्वास — तोही नाही. त्याने काय ऐकलं असेल. म्हणाला, ठकू, रडू नको. निघतोय आम्ही.

रडत नव्हते.

३१ डिसेंबर

मालकीणबाईंनी माझी उशी, पांघरूण, ही वही खाली आणून दिली. त्यांना काहीच होत नाही. विचारलं. म्हणाल्या, वरची कामं करायला कुणीतरी लागतंच, मला घेत नाही. कोण घेत नाही? त्यांनी पाइपकडे बघितलं आणि गालातल्या गालात —

पंप बंद असतानाही पाइपात आवाज आहे. पाण्याचा नाही. आत घेतल्याचा. मग बराच वेळ काही नाही. मग सोडल्याचा.

आम्ही त्याच्या तालावर आहोत. तो आमच्या नाही.

२ जानेवारी

गाडी. चढावर गाडी थांबली.

मालकीणबाईंचा आवाज — या, या, खालीच आहेत सगळे. दादाचा. वहिनीचा. पिल्लूचा — आजोबा कुठे, आजोबा कुठे.

बाबांनी डोळे उघडले. हसले.

ओरडायचंय. श्वास नाही तेवढा. लिहून दाखवते. मोठ्या अक्षरात.

दादा उतरू नको
पिल्लूला घेऊन जा

दार उघडलं. दादा पायरीवर, पिल्लू कडेवर. तिला अंधारात दिसत नाहीये. वही वर धरली — तो बघत नाही, बाबांकडे बघतोय, रडतोय, उतरतोय —

दार उघडं आहे. हवा जातेय. कुणीतरी दार —

नको दादा. आत या. नको. आत या लवकर, दार लावा —

मी बाकावर सरकून जागा के